गुरूच्या चंद्रावरच्या भेगा

कोल्हापूर, बुधवार, ९ सप्टेंबर १९८१

आज सुनंदाशी मी नीचपणा केला. करताना मजाही वाटली, तेही लिहून ठेवतो.

नेसरी या खेड्यातली ही माझी विद्यार्थिनी वर्षभर गुरूच्या बर्फाळ चंद्राच्या फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून भेगा गिरवत होती. आज वर्गात तिनं त्या कागदातून एका रुंद भेगेची पट्टी कापून काढली आणि उरलेले दोन्ही तुकडे जवळ सरकवले. भेगेपाशी तुटलेल्या रेघा जुळल्या.

“सर, बर्फ सरकलाय की. खाली पाणी असंल.”

मी तिचीच बोली उचलली, “नेसरीच्या आडात पाणी हाय का बघ आधी.”

वर्ग हसला. तिनं तुकडे वहीत ठेवले.

रेघा जुळल्या होत्या. वीस वर्षं भूगर्भशास्त्र शिकवून मला असं एकदाही सुचलं नाही, म्हणून बोललो का? दुसरं काय कारण असणार?

संध्याकाळी ती घरी आली. बाहेरच्या एका संशोधन संस्थेसाठी शिफारसपत्र हवं होतं. मी लिहिलं, ‘अक्षर सुरेख, स्वभाव आज्ञाधारक.’ तिच्या कामाबद्दल एक शब्द नाही. पाकीट चिकटवून हातात दिलं.

“वर्गातलं मी मनावर घेतलं न्हाय, सर,” म्हणाली आणि वाकून पाया पडली.

मी आशीर्वाद दिला.