घरात मिटलेलं भांडण

अ‍ॅशबर्न,
२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. अनया हिस आसावरीमावशीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं बोट दारात सापडलं असं तिकडे न्यू जर्सीत, आयसेलिन गावातल्या मुंजीत तू चारचौघांत सांगितलंस आणि मी मान डोलावली, कारण तुझा नवरा जिलबीचं ताट घेऊन शेजारीच उभा होता. पण नंतर तू एक्स-रे दाखवलास. अगं, मी जन्मभर हाडं जोडली आहेत. दारात चेंगरलेलं हाड चुरतं. पिरगाळलेलं हाड तिरकं, वळत जाऊन मोडतं. तुझं बोट पिरगाळलेलं आहे. मावशीशी एक वेळ खोटं बोल, हाडाच्या डॉक्टरशी बोलू नकोस.

खरं सांगू? ते ताट तिथल्या तिथे नकुलच्या तोंडावर मारावंसं वाटलं. त्याची दहाही बोटं एकेक करून मोडावीत आणि मग मीच बसवावीत, भूल न देता, असंही वाटलं. अजून वाटतं. वयाबरोबर माणूस शांत होतो म्हणे, माझं उलटंच चाललंय.

फोनवर तू नुसती हं हं करतेस, त्यावरून ओळखलं की फोन तो बघतो. म्हणून हे पत्र मेतकुटाच्या डब्यात घालून पाठवते आहे. नकुल न्यू जर्सीत वाढला, मराठी बोलतो, पण त्याला देवनागरी वाचता येत नाही. आणि फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करायला गेला तर समोर माझं अक्षर आहे, ज्याला केमिस्टांनी आयुष्यभर शिव्या घातल्या. तूही तसंच गिचमीड लिही.

एकच विचारते. पोलिसांना फोन का करत नाहीस?

उत्तर टाळलंस तर माझा लोभ आटेल, सांगून ठेवते.

तुझी
आसावरीमावशी


डब्लिन, ओहायो,
९ फेब्रुवारी

ती. आसावरीमावशीस अनयाचा शि. सा. न. वि. वि.

मेतकूट पोचलं. चैत्राली त्याला यलो राइस म्हणते आणि रोज मागते. पाच वर्षांच्या मुलीला दुसरं जेवणच नको झालंय.

पोलिस एकदा आले होते. मी नव्हतं बोलावलं, शेजारणीने बोलावलं. गेल्या मे महिन्यात नकुलने माझे केस धरून डोकं ओट्यावर आपटलं. पुन्हा आपटायला गेला तेव्हा हाताला कुकरचं झाकण लागलं, ते मी मागच्या मागे मारलं. त्याची भुवई फुटली. पोलिस आत आले तेव्हा दोघांच्याही तोंडावर रक्त होतं. कुणी आधी हात उचलला ते त्यांना ठरवता येईना. दोघांनाही कोर्टात हजर राहायचा कागद देऊन ते गेले.

मग सासूबाई नकुलच्या अरुणकाकांना घेऊन आल्या. इथल्या मंडळातली सगळी भांडणं तेच मिटवतात. पोहे झाले, चहा झाला, नकुलने माझी माफी मागितली, मी त्याची. काकांनी जाहीर केलं की विषय संपला, कुणाची कुणाबद्दल तक्रार उरलेली नाही, तेव्हा आता कोर्टात जाऊन घरची शोभा करायची नाही. आम्हाला पटलं. आपल्याकडे तक्रार मागे घेतली की संपतं ना? तारखेला दोघंही गेलो नाही.

दिवाळीत नकुलने फोनवर मला माझ्या नावाचं वॉरंट दाखवलं. म्हणाला की आता खुशाल पोलिसांना बोलाव, ते आधी तुलाच नेतील आणि चैत्राली माझ्याकडे राहील. तेव्हापासून तो मारताना खिडक्याही लावत नाही. बोट मोडलं त्या दिवशी भात गार होता, एवढंच कारण.

मावशी, हे वॉरंट खरं असेल का गं? मला स्वतः शोधायची भीती वाटते.

लोभ आटलेला नाही एवढं कळव.

तुझी
अनया


अ‍ॅशबर्न,
१५ फेब्रुवारी

चि. अनयास अनेक आशीर्वाद. या वेळी सौ. लिहायला हात होईना, म्हणून गाळलं.

वॉरंट खरं आहे. तुमच्या काउंटी कोर्टाच्या वेबसाइटवर नाव टाकलं की कुणालाही दिसतं. तारखेला हजर राहिलं नाही की जज काढतात, त्याला बेंच वॉरंट म्हणतात. तुला शोधत कुणी घरी येईलच असं नाही. पण कधीही गाडी अडवली किंवा तूच फोन केलास आणि नाव त्यांच्या मशीनमध्ये गेलं, की ते तुला नेऊ शकतात. म्हणजे मेल्याने एवढं एक खरं सांगितलं आणि त्याचाच चाबूक केला.

त्या अरुणकाकांना कुणीतरी सांगायला हवं होतं की इथे मारामारीचा खटला नवऱ्याचा नसतो, बायकोचा नसतो, सरकारचा असतो. तुम्ही पोहे खाऊन मिटवलंत, पण सरकारने पोहे खाल्ले नव्हते.

आता ऐक. वॉरंट रद्द करून घेता येतं. माझ्या जुन्या सहकाऱ्याची मुलगी मीनाक्षी तिकडे कोलंबसला वकील आहे. ती अर्ज करेल, कोर्टाकडून तारीख घेईल आणि तिच्याबरोबर तू आपल्या पायांनी जजसमोर उभी राहशील. एकटीने पोलिस स्टेशनात जाऊ नकोस, धीर आला तरी जाऊ नकोस. माझे गुडघे नुकते बदललेत, नाहीतर मीच आले असते.

आणखी एक. मी तुमचं नुसतं आडनाव टाकलं होतं. तुझ्या नावाच्या खाली नकुलचं नाव आलं. तेच कोर्ट, तीच तारीख, तसंच वॉरंट. त्याने तुझं तेवढं नाव शोधलं, स्वतःचं टाकून बघायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. मी घरात एकटीच इतक्या मोठ्याने हसले की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

जेवत जा. तुझ्यावरचा लोभ आहे तिथेच आहे.

आसावरीमावशी


डब्लिन,
२२ फेब्रुवारी

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

मीनाक्षीने ४ मार्चची तारीख घेतली आहे. शेजारणीच्या फोनवरून बोललो. तिने आधी मी जेवले का ते विचारलं, त्यावरून तुझीच माणूस वाटली.

नकुलचं वाचून मला मात्र हसू आलं नाही. परवा तो चैत्रालीला बर्फात घसरगुंडी खेळायला घेऊन गेला होता. दोघं लाल नाकं घेऊन हसत घरी आले. तेव्हा वाटलं, सांगून टाकावं त्याला, की तूही जा आणि तुझं रद्द करून घे. तिचा बाप आहे तो. तिच्यादेखत त्याला बेड्या पडलेल्या मला बघवणार नाहीत. त्याच संध्याकाळी त्याने मला स्टीलचं पातेलं फेकून मारलं, ते तिच्या कानाजवळून गेलं. तरी मन पुन्हा तिथेच येतं.

काय करू ते सांग, पण रागावू नकोस.

तुझ्या मायेवर टिकून असलेली
अनया


अ‍ॅशबर्न,
२६ फेब्रुवारी

चि. अनयास आशीर्वाद.

रागावले आहे. पातेलं कानाजवळून गेलं असं लिहितेस. तरुणपणी कॅज्युअल्टीत असताना, कानाजवळून न गेलेल्या पातेल्यांनी फुटलेली डोकी मी शिवली आहेत. त्यातली दोन लहान मुलांची होती.

आत्ता सांगितलंस तर तो तुझ्याआधी सूट घालून कोर्टात जाईल, आपलं सोडवून घेईल आणि तुला घरात कोंडून ठेवेल. आधी तुझं वॉरंट जाऊ दे. मग त्याचं सांगायचं की पोटात ठेवायचं ते तू ठरव. मी पुन्हा विचारणार नाही, आणि काहीही ठरवलंस तरी माझं दार उघडं आहे.

राग आणि लोभ दोन्ही कळावेत.

आसावरीमावशी


डब्लिन,
६ मार्च

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

आज अक्षर मुद्दाम गिचमीड काढावं लागत नाही. मानेला पट्टा आहे, वाकता येत नाही.

परवा चैत्रालीला शाळेत सोडलं, देवळात गेले आणि फोन तिथेच चपलांच्या कप्प्यात ठेवला, म्हणजे नकुलच्या फोनमधल्या नकाशावर मी देवळातच दिसत राहिले. तिथून मीनाक्षीने कोर्टात नेलं. जज बाईंनी विचारलं की तारखेला का आली नाहीस. घरच्या मोठ्यांनी मिटवलं होतं असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या की मोठ्यांबद्दल आदर आहे, पण त्यांना हे कोर्ट चालवायला दिलेलं नाही. मीनाक्षीने एक्स-रे पुढे केला. त्यांनी तो बराच वेळ बघितला, मग माझ्याकडे बघितलं. वॉरंट रद्द झालं. माझ्यावरच्या खटल्याची तारीख एप्रिलमध्ये आहे, तो मागे घेतला जाईल असं मीनाक्षीला वाटतं.

संध्याकाळी नकुल आला तो चिडूनच. दिवसभर फोन का उचलला नाही म्हणून त्याने मला गळा धरून फ्रिजवर दाबलं. पाय जमिनीवरून सुटले, मावशी. डोळ्यांपुढे काळं झालं. चैत्राली इंग्लिशमध्ये ओरडत होती की डॅडी, सोड तिला. त्याने सोडलं तेव्हा मी खाली पडले आणि पडल्या पडल्या म्हणाले की मी पोलिसांना बोलावते. तो हसला. स्वतःचा फोन उघडून माझ्या हातात दिला आणि म्हणाला की लाव, बघू कुणाला नेतात.

मी लावला.

दोघं आले. नकुलने दारातच त्यांना सांगितलं की ही बाई फरारी आहे, हिचं नाव तपासा. मी नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली. ऑफिसरने तपासलं आणि काहीच नाही म्हणाला. नकुलने पुन्हा बघायला लावलं. पुन्हा काही नाही. मग तो गोड झाला. नवरा-बायकोचं चालतंच, असं हसून बोलायला लागला, आणि तो तरुण ऑफिसर पटल्यासारखी मान डोलवायला लागला.

त्या वेळी मला घसरगुंडी आठवली, लाल नाकंही आठवली. आणि पातेलं आठवलं. मी म्हटलं की यांचंही नाव तपासा, आणि नकुलचं नाव मीच एकेक अक्षर करून सांगितलं.

बेड्या घालताना तो मला मराठीत सांगत होता की काकांना फोन कर, ते मिटवतील. मी केला नाही. नंतर ऑफिसरने माझ्या गळ्याचे फोटो काढले. आता त्याच्यावर नुसतं ते जुनं वॉरंट नाही, गळा दाबल्याचा नवा गुन्हाही आहे.

तू विचारणार नव्हतीस, तरी सांगते. मला वाईट वाटलं. खूप वाटलं. पण भीती वाटली नाही.

गाडी गेल्यावर चैत्रालीने इंग्लिशमध्ये विचारलं की डॅडीने काय केलं. मी तिला जवळ घेऊन मराठीत सांगितलं की बाबाने आईला मारलं. ती म्हणाली, आय नो.

आम्ही दोघी शनिवारी तुझ्याकडे येतो आहोत. बाकी लोभ तिथे आल्यावर.

तुझी
अनया