शाल तबकातच राहिली

मामा,

तुम्ही माझे मामा, माझे गुरू आणि वर माझे सासरेही. तीन नात्यांनी तुमच्यापुढे मान खाली घालायची, म्हणजे मानेला उसंत अशी कधी नव्हतीच. आज जरा ताठ बसून लिहितो आहे. पुण्यात येऊन एक तप होत आलं. या परमुलखातलं बिऱ्हाड आता आवरायला घेतलं आहे. दसरा झाला की आम्ही दोघं तंजावरची वाट धरू. आणि ज्या शालीसाठी तुम्ही मला इकडे धाडलंत, ती माझ्याजवळ नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे ऐकाल. ऐकाल असं वाटत नाही. पण तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मध्येच थांबवून 'अरे गाढवा' म्हणायची सोय काही तुम्हाला राहिलेली नाही.

बुधवार पेठेत आमच्या दोन खोल्या आहेत. सकाळी पाण्यासाठी हौदावर जायचं आणि तिथे कुणीतरी विचारायचं, "काय शास्त्रीबोवा, अजून इथेच?" हे इथलं क्षेमकुशल. पहिल्या वर्षी राग यायचा. आता कुणी विचारलं नाही तर आपली प्रकृती बिघडलेली दिसते की काय, अशी शंका येते. मग शिष्यांना न्यायशास्त्र शिकवायचं. शिष्य हुशार आहेत. गुरूची चूक सापडली की त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज चढतं, ते संध्या करूनही चढत नाही. चिंच इथेही मिळते, पण आमटीत गूळ पडतो. आमच्या सारात गूळ नसतो हे ऐकून घरमालकीणबाई अशा बघतात, जणू घरात कुणी दगावलं आहे.

याच बाईंनी एके दुपारी उंबऱ्यातून आम्हाला जेवताना पाहिलं. समोरासमोर दोन पानं, एकावर मी, दुसऱ्यावर तुमची लेक. बाई म्हणाल्या, "आमच्याकडे आधी पुरुष जेवतात, मग बायका. तुमच्याकडे घाई असते का हो?" तुमच्या लेकीनं हातातला घास न थांबवता उत्तर दिलं, "घाई नाही, बाई. मीठ कमी पडलं की दोघांना एकदम कळतं, मग वाद होत नाही." बाई गेल्या, बातमी त्यांच्याही पुढे गेली. आपल्याकडे दक्षिणेत बायकोसोबत जेवणं चालतं, सकाळी शिळा भात ताकात कालवून खाणं चालतं, मामाची मुलगी करणंही चालतं. इथे त्यांना तिन्ही दोष दिसतात. तिसरा मी लग्नातच करून ठेवला होता. उरलेले दोन्ही दोष रोज दुपारपर्यंत बसल्या जागी पुरे करतो.

मी हे शिकलो कुठे? डोळे मिटले की तुमचं स्वयंपाकघर दिसतं. तुमच्याकडे शिकायला राहिलो आहे, भिंतीला टेकून शब्द चालवतो आहे. मामी भात उतरवते. तुम्ही पानावर बसता आणि हात मांडीवर ठेवून नुसतेच थांबता. मामी म्हणते, "सुरू करा, निवेल." तुम्ही म्हणता, "तुझं पान कुठे आहे?" ती आपलं पान मांडून बसते, तेव्हा कुठे तुमचा हात भाताला लागतो. हे शास्त्रात आहे का, असं मी एकदा विचारलं, तर तुम्ही डोळे वटारलेत. "जिनं चूल फुंकली तिनं गार भात खायचा, हे कुठल्या शास्त्रात आहे ते आधी शोधून आण." मी अजून शोधतोच आहे.

आणि त्याच तुम्ही, आम्ही निघताना गाडीच्या चाकापाशी उभं राहून काय सांगितलंत? "पुण्याच्या शास्त्र्यांच्या सभेत मान मिळाल्याशिवाय आपल्या पाठशाळेला कुणी विचारणार नाही. तिथे चारचौघं करतात तसं कर. खाण्यापिण्याचे हट्ट इथेच ठेव. शाल घेऊन ये."

यंदा श्रावणात त्या सभेत माझी पाळी आली. वाद जिंकलो. सभा "बरं बोललात" म्हणाली; इथे याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही. तबकात शाल आली, आणि सभेतले वडील शास्त्री खाकरले. म्हणाले, "आपल्या घरच्या जेवणाविषयी कानावर आलं आहे. तो आचार दक्षिणेत खपेल. इथे दोष लागतो. पंचगव्य घ्या आणि पुन्हा असं होणार नाही, एवढं सभेपुढे सांगा."

मी म्हटलं, "महाराज, नर्मदा ओलांडली की सगळी दक्षिणच. पुणं उत्तरेला केव्हा सरकलं?"

मागे कुणीतरी हसलं. शास्त्री हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "अहो, एक पळीभर पंचगव्य आणि एक वाक्य. मग घरात कसे जेवता ते कोण बघायला येतंय?"

"घरमालकीणबाई येतात."

माणूस भला होता, मला वाट काढून देत होता. तुम्हीही तीच वाट दाखवली असतीत. पण प्रायश्चित्त पापाचं घेतात. ती पळी मी तोंडाला लावली असती, तर मामीचं पान पाप ठरलं असतं आणि तिच्यासाठी थांबलेला तुमचा हातही. मी म्हटलं, "पाप सापडलं की कळवा, मी येईन." नमस्कार केला आणि उठलो.

घरी तुमची लेक दोन पानं मांडून बसली होती. झालं ते सगळं सांगितलं.

"तंजावरला लोक विचारतील, शाल कुठे?"

"विचारतील."

"पाठशाळेत मुलं येतील?"

"थोडी येतील."

"थोडी असली की घसा कमी बसतो. जेवा आता."

तुम्ही म्हणाल, यानं पाठशाळा बुडवली. म्हणा. दार मी उघडीन, येतील त्या मुलांना शिकवीन, आणि आपला गुरू पानावर कुणासाठी थांबतो हेही त्यांना रोज दिसेल. तुम्ही घरात एक शिकवलंत आणि गाडीपाशी दुसरं; त्यातलं घरातलं मी ठेवलं आहे, दुसरं तुमचं तुम्हाला परत. हे पत्र कुणा जासुदाकडे देणार नाही. तुमच्या हल्लीच्या मुक्कामाला इथून पत्रांची थैली जात नाही, आणि जात असती तरी दिलं नसतं; कारण एवढं सगळं सोडून तुम्ही शेवटची ओळच तेवढी पुन्हा पुन्हा वाचली असतीत.

शाल अंजिरी रंगाची होती, मामा. मला ती हवी होती.