पासवर्ड त्याच ओळीत

बेरशेवा, मंगळवार, १२ नोव्हेंबर २००२

फाईल पाठवायच्या ‘कर्ल’ कमांडमध्ये --user च्या पुढे नुसतं नाव दिलं असतं, तर पासवर्ड त्याने वेगळा विचारला असता. मी घाईत तोही त्याच ओळीत लिहून टाकला. फाईल जायला वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ लॅबच्या सामाईक मशीनवर, चालू कामांची यादी काढणाऱ्या कुणालाही ती अख्खी ओळ दिसत होती.

लॅबमधल्या इलानला दिसली.

पासवर्ड होता ‘आकडेखोटेआहेत’, रोमन अक्षरांत. माझ्या गाईड सरांनी प्रयोगातली नको असलेली मापं गाळायला लावली आणि मी मुकाट्याने गाळली, त्या दिवशी रागाने ठेवलेला. इथे कुणाला मराठी कळतंय, म्हणून. इलान माझ्याशी कायम हिब्रूत बोलतो. पण त्याची आई मुंबईची, हे मी विसरलोच कसा?

बॅग उचलताना तो हिब्रूतच म्हणाला, “त्यातलं ‘खोटे’ कळलं मला. लहानपणी आई ओरडायची, खोटं बोलू नको! पण ‘आकडे’ म्हणजे काय?”

मी म्हटलं, “काही नाही रे, गंमत.”

“बरं, आईला विचारतो,” म्हणाला आणि हसत घरच्या, डिमोनाच्या बसला गेला.

तो सरांचा लाडका. माझा व्हिसा सरांच्या सहीवर. पासवर्ड बदलला, पण ती वीस मिनिटं कशी बदलू? आणि पाठवली ती फाईलही तीच, मापं गाळलेली.

सात वाजले. बस केव्हाच पोचली असेल. आई त्याला वाढत असेल.