सदतीस नंबरचा बिल्ला

प्रिय शिट्टे,

वर्षभर एक ओळ नाही आणि आज एकदम हे जाडजूड पाकीट, म्हणजे तुझ्या कपाळाला आठी पडलीच असेल. पडू दे. लिहायचं माझ्या किती जिवावर येतं ते तुला माहीत आहे. शाळा चौथीत सुटली, तेव्हापासून सही आणि टॉवेलांची यादी यापलीकडे माझ्या हातून काही लिहून झालेलं नाही. तीन दुपारी खोलीचं दार लावून बसते आहे. मध्येच कोणीतरी मावशी, मावशी करत येतं, की उठावं लागतं. त्यामुळे कुठे तुटक वाटलं तर तूच जोडून घे.

इथे शिबिरात सगळं तसंच आहे. यंदा मुलं जास्तच घेतलीत, ब्याऐंशी. खाटा तेवढ्याच, म्हणून मधल्या वाटांतसुद्धा गाद्या टाकल्यात. ब्याऐंशी मुलं म्हणजे दिवसाला एकशे चौसष्ट टॉवेल, एक तळ्याचा आणि एक आंघोळीचा. पिळायचं यंत्र पहिल्याच आठवड्यात बसलं. साहेब म्हणाले, कळवलंय, माणूस येईल. अठरा दिवस झाले, माणूस वाटेत म्हातारा झाला असेल. तोवर मी आणि माझे हात. दोरीवर टॉवेल टाकायला हात वर केला की खांदा असा काही दुखतो की पोरांवर ओरडायचंही राहून जातं. मुलांना वाटतं खेकडामावशी यंदा मऊ पडली. मऊ कसली, दमले गं. सकाळी उठले की पहिला विचार येतो तो रात्री आडवं व्हायचा.

तुझ्या जागी एक पोहण्याचा मास्तर आणलाय. काळा चष्मा, गळ्यात दोन शिट्ट्या, आणि एकही धड वाजत नाही. पोरगा वाईट नाही. पण त्याला मुलांची नावं पाठ होत नाहीत, सगळ्यांना चॅम्पियन म्हणतो. तुझ्यासारखं, ए लाल टोपी, तुझी बहीण कुठे, असं त्याला येत नाही. पोरांनी नंबरचे बिल्ले अडकवायच्या त्या दोन फळ्या, पाण्याची आणि काठाची, आता काढल्या. सामानाच्या खोलीमागे भिंतीला टेकवून ठेवल्यात. आता पाण्यातून बाहेर आलेल्या पोरांना रांगेत उभं करून मोजतात, दोनदा. एकदा मास्तर मोजतो, एकदा कोणीतरी दुसरं. पोरं कुडकुडत उभी, आणि आकडा जुळत नाही, कारण एक पोरगं मध्येच वाकून चप्पल शोधत असतं. पंधरा मिनिटं जातात. गेल्या वर्षीची मी असते तर तिथल्या तिथे सगळ्यांना झापलं असतं. आता मी टॉवेल घेऊन उभी राहते आणि तोंड बंद ठेवते.

तू भावाकडे राहतेस आणि खोकी चिकटवायच्या कारखान्यात जातेस, हे दूधवाल्याकडून कळलं. त्याची गाडी तुझ्या गल्लीवरून जाते. तो म्हणाला, बाई वाळल्यात, आणि तुझी वहिनी दारात उभी राहून शेजारणीला सांगत होती, आमच्या नणंदेला पोरं सांभाळता आली नाहीत म्हणून काढलं. हे त्याने मला टॉवेलांचं बोचकं उचलता उचलता सांगितलं, सहज. मी बोचकं खाली ठेवलं आणि परत उचललं. दुसरं काय करणार होते. एकवीस उन्हाळे तू त्या काठावर उभी राहिलीस. ताप असला तरी, पाय मुरगळला असला तरी. एकवीस वर्षांत एका पोराच्या नाकात पाणी गेलं असेल तेवढंच. आणि आता तुझी ओळख काय, तर जिने पोर बुडायला सोडलं ती.

यंदा दुसऱ्या तुकडीच्या बसमधून कोण उतरलं असेल ओळख. सदतीस नंबर, गेल्या वर्षी तळ्यात राहिलेली ती पोर. यादीत यंदा तिचा नंबर अकरा आहे, पण माझ्यासाठी ती सदतीसच. एका वर्षात वीतभर उंच झाली, दातांना तार लावलीय. मी तिला बघितलं आणि हातातली बादली खाली ठेवायला जागा सापडेना. मला वाटलं होतं हिचे आईबाप हिला आता बशीतल्या पाण्याजवळही जाऊ देणार नाहीत. पण पोरीनेच हट्ट धरला म्हणे. तिला खाट कुठे मिळाली, तर माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडची. आपल्या त्या फळकुटाच्या भिंती. तिने कूस बदलली तरी मला कळतं.

तिसऱ्या दिवशी सगळे तळ्यावर गेले आणि ही दोरीखाली येऊन उभी राहिली. मी म्हटलं, काय गं, पाण्यात नाही जायचं? तर म्हणाली, शिट्टीमावशी कुठे आहेत? मी म्हटलं, यंदा आल्या नाहीत. म्हणाली, माझ्यामुळे ना? मी टॉवेल झटकत राहिले. मग तिने खिशातून एक घडी घातलेला कागद काढला, घडीच्या रेघेवर झिजलेला. तुझ्यासाठी लिहून आणलं होतं तिने. ते ती माझ्या हातात देईना, नुसतं दाखवलं. आणि सांगायला लागली. म्हणाली, मी बिल्ला हलवलाच नव्हता मावशी, पाण्यात गेले तेव्हा पाण्याच्या फळीवर लावला आणि तो तिथेच असणार, कारण मी बाहेर आलेच नव्हते. पण सगळे म्हणतात फळी रिकामी होती. आई म्हणते तूच पाण्याच्या फळीवर लावायला विसरली असशील. डॉक्टर म्हणाले घाबरल्यावर माणसाला भलतं आठवतं. मग मीच विसरले असेन. माझ्या विसरण्यामुळे शिट्टीमावशींची नोकरी गेली, मला त्यांना सॉरी म्हणायचंय.

बारा वर्षांची पोर. त्या जुन्या होडीच्या साखळीत पाय अडकून सव्वा तास दोर धरून लोंबकळली, पलीकडे जेवणघरात भोंग्यावर गाणी लागली होती म्हणून तिची हाक कोणाला ऐकू गेली नाही, पंपवाला मोटार बघायला गेला नसता तर काय झालं असतं ते देव जाणे. पंधरा दिवस दवाखान्यात काढले. आणि वर्षभर हेच मनात धरून बसली की चूक आपलीच. तिला कोणी सांगितलंच नाही की बाई तुझं बरोबर आहे. सांगू शकणारी एकच होती आणि ती टॉवेल झटकत होती.

तेव्हा ऐक. हे मी एका दमात लिहिते, नाहीतर चौथी दुपार जाईल.

त्या दिवशी शेवटची शिट्टी व्हायची होती. पोरं बाहेर येत होती, आपापला बिल्ला पाण्याच्या फळीवरून काढून काठाच्या फळीवर अडकवत होती आणि खायला पळत होती. रोजच्यासारखे दोन-तीन बिल्ले पाण्याकडे राहिले. तुला आठवतं, रोज व्हायचं ते. पोर केव्हाच कपडे बदलून खात बसलेलं असायचं आणि बिल्ला इकडे. मग तू कोणाला तरी पाठवायचीस, बघून ये रे, आणि तो जाऊन येईपर्यंत तळ्याचं गेट उघडं, मी ओले टॉवेल घेऊन उभी. मला त्याचा वैताग यायचा. म्हणून मी काय करायचे, तर ज्या पोराला डोळ्यांनी बाहेर आलेलं बघितलं असेल त्याचा बिल्ला मीच सरकवून द्यायचे. दोन वर्षं करत होते. तुला ठाऊक नव्हतं, आणि असलं तर तू बोलली नाहीस. त्या दिवशी दोघा पोरांना मी बघितलं होतं, त्यांचे बिल्ले सरकवले. राहिला सदतीस. तिला बघितलं नव्हतं. पण दोरीजवळच्या सदतीस नंबरच्या खुंटीवर टॉवेल नव्हता. टॉवेल गेला म्हणजे पोर गेली, असं धरलं मी. सरकवला बिल्ला. तिचा टॉवेल शेजारच्या खाटेवरच्या पोरीने नेला होता, हे नंतर कळलं. मी वळले तेव्हा तू फळीकडे बघत होतीस. पाण्याची फळी रिकामी. तू शिट्टी मारलीस आणि गेट लावलंस. तू काही चुकली नाहीस. तू फळी बघितलीस आणि फळी खोटं बोलली, आणि तिला खोटं बोलायला मी लावलं.

साहेबांच्या खोलीत मला विचारलं, तुम्ही फळीजवळ होतात का. मी म्हटलं, मी दोरीजवळ होते, मला काय ठाऊक. बस, एवढं वाक्य. त्याच्या आधी साहेबांनी तुला विचारलं होतं, फळीजवळ आणखी कोण होतं. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, मी एकटीच होते. ते बघणं मला वर्षभर पुरलंय. तुला दिसलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही, कारण हो म्हणालीस तर काय करायचं ते मला माहीत नव्हतं. का बोलले नाही म्हणशील, तर कारण काही मोठं नाही. ही खोली. बारा महिन्यांची माझी म्हणून एवढी एकच जागा आहे, आणि मुलाच्या दीड खोल्यांत सूनबाईच्या चुलीशेजारी पथारी टाकायची कल्पना मला सोसवेना. मी माझी खोली ठेवली आणि तुला वहिनीच्या दारात पाठवलं.

त्या पोरीला मी तिथेच दोरीखाली सांगितलं. म्हटलं, तू विसरली नव्हतीस, तुझं सगळं बरोबर आठवतंय, बिल्ला मी हलवला. ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं रडेल, किंवा शिव्या देईल, आजकालच्या पोरांना येतात. तर म्हणाली, मग तुम्ही सांगितलं का नाही? मी वाकून टॉवेल उचलला. ती निघून गेली, आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. बरोबर आहे तिचं.

मग साहेबांकडे गेले. ते म्हणाले, अहो बाई, झालं गेलं, फाईल बंद झालीय, पोर धडधाकट परत आलीय, आता कशाला उकरताय? आधी मलाही बरं वाटलं ऐकून, खोटं कशाला सांगू. दारापर्यंत गेले आणि परत फिरले. म्हटलं, साहेब, शिट्टीला बाहेर काढताना कागद केला होता ना तुम्ही, मग आता आत घ्यायचा पण कागद करा. त्यांनी घड्याळ बघितलं, चष्मा पुसला, कारकुनाला बोलावलं. मी सांगितलं, त्याने लिहिलं, मी दोनदा वाचून सही केली. एक प्रत मुलीच्या आईबापांना जाणार. मला कामावरून कमी केल्याचं सांगितलं आणि लगेच विचारलं, पण शनिवारपर्यंत टॉवेल कोण धुणार? मी म्हटलं, मीच, आणखी कोण. मुलाला फोन करून सांगितलं शनिवारी येते. मागून सूनबाईचा आवाज आला, किती दिवस.

आता हे पत्र का, ते. साहेबांचं पत्र तुला दोन-तीन दिवसांत येईल. छापील कागद, खाली शिक्का. त्यात लिहिलं असेल की गैरसमज दूर झाला, आपण परत रुजू व्हावं. माझं नाव आत कुठेतरी असेल. ते तुला परक्याच्या हातून कळू नये म्हणून मी आधी लिहिते आहे. माफ कर असं मी म्हणत नाही, ते मागायलाही काही लायकी लागते. पण तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. तू तो कागद वाचशील, घडी घालशील आणि म्हणशील, गरज नाही मला यांची. तसं करू नकोस. राग माझ्यावर धर, जन्मभर धर, कामावर धरू नकोस. मी शनिवारच्या सकाळच्या बसने निघते, तू दुपारच्या बसने ये, म्हणजे वाटेत तोंडसुद्धा बघायला लागणार नाही. तुकडीचे नऊ दिवस उरलेत. ती पोर रोज तळ्यावर जाते, गुडघाभर पाण्यात उभी राहते आणि पुढे जात नाही. मास्तर चॅम्पियन, चॅम्पियन करून दमला. तिने त्याला सांगितलंय, शिट्टीमावशी आल्या तरच जाईन, नाहीतर नाही. तिला मी काल भिंतीपलीकडून सांगितलं, येतील. तिने कूस बदलल्याचं ऐकू आलं. एवढं एक मी तुला न विचारता बोलले आहे.

तुझीच, म्हणवून घेतेस की नाही ते तूच ठरव,
खेकडा