खिडकीजवळचा पलंग

३ मार्च
झालं एकदाचं! आमचं कॉम्प्युटर मॉडेल आजपासून वॉर्डात. पेशंटला घरी सोडायचं की नाही ते सांगतं — आणि खाली कारणही छापतं. कारण नसेल तर डॉक्टर ढुंकून बघत नाहीत. पण ते कारण मॉडेलचं नाहीच! ते आत काय करतं हे मलाही दिसत नाही. शेजारी बसवलेला दुसरा प्रोग्रॅम अंदाजाने लिहितो. माझं आधीचं साधं मॉडेल एका पानात मावायचं, सगळं उघड. अचूकपणात किंचित कमी, तर साहेबांनी नाक मुरडलं — "अचूक पण हवं, समजायला पण हवं. जमव काहीतरी." जमवलं.

७ मार्च
सासऱ्यांना न्यूमोनिया. आमच्याच हॉस्पिटलात आणलं. सिस्टरना गळ घातली — बाबांना खिडकीजवळचा पलंग द्या, त्यांना कोंडल्यासारखं होतं. दिला बिचारीने. बाबा खूश. "सूनबाईची वट आहे हो इथे!"

१० मार्च
मॉडेल म्हणालं, घरी सोडा. कारण: ताप नाही, नाडी ठीक. ह्यांनी कौतुकाने कागद मोठ्याने वाचला, नणंदेला फोटो पाठवला. मोठ्या डॉक्टरबाई मात्र घुटमळल्या. "श्वास अजून मला आवडत नाहीये... पण कारण तर पटण्यासारखं आहे." माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

११ मार्च
बाबा घरी. जेवले नाहीत.

१२ मार्च
ओठ निळे पडले. परत नेलं, आता आयसीयूत.

ऑफिसात बसून त्यांची माहिती पुन्हा मॉडेलला घातली, एकेक गोष्ट बदलत गेले. ताप वाढवला — ढिम्म. नाडी वाढवली — ढिम्म. शेवटी पलंगाचा नंबर बदलला, सिस्टरच्या टेबलाजवळचा टाकला. लगेच 'धोका'!

कपाळावर हात मारून घेतला. गंभीर पेशंट सिस्टर आपल्या डोळ्यांसमोर ठेवतात, बरे होत आलेले खिडकीकडे. मॉडेल तेवढंच शिकलं. माणूस बघतच नव्हतं, जागा बघत होतं! आणि बाबांना त्या जागी मी ठेवलं. साध्या मॉडेलमध्ये हे पहिल्याच ओळीत दिसलं असतं. शी! लाज वाटते स्वतःची.

१३ मार्च
ह्यांना सांगणार होते. तर तेच मला धीर देत बसले — "तू तरी काय करणार गं, नशिबापुढे..." उठून चहा टाकला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१५ मार्च
बाबा शुद्धीवर आले. हात धरून सगळं सांगून टाकलं, ढसाढसा रडले. वाटलं, तोंडही बघणार नाहीत माझं. त्यांनी मास्क बाजूला केला, धापा टाकत विचारलं —

"त्या खिडकीजवळ आता कोण आहे गं?"