दोन काठ्यांमधली जागा

१२ एप्रिल
आले बाई एकदाची! आल्डेवीर गावातलं घर म्हणजे एक खोली, एक चूल आणि चारी बाजूंना गवत. शहरात नऊ वर्षं टपाल वाटलं, जिने चढून चढून गुडघे गेले. इथे जिनाच नाही. शेतमालक वोब्बे चीज आणि काळा पाव घेऊन भेटायला आला. म्हणाला, पोस्टाच्या बाई, आता पाखरांची पत्रं वाटा! माणूस बोलघेवडा आहे, मला आवडला.

काम सोपं आहे. ग्रुटो नावाचे लांब चोचीचे पक्षी आफ्रिकेतून येतात आणि गवतात, जमिनीवरच घरटं करतात. घरटं दिसलं की दोन्ही अंगांना एकेक बांबूची काठी रोवायची, मधे चार पावलं सोडून. कापणीचं यंत्र काठ्या पाहून वळसा घालतं. आधीचा राखणदार डाउवे याने चाळीस वर्षं हेच केलं. त्याची नजर गेली म्हणून पक्षीमंडळाने मला नेमलं.

२१ एप्रिल
उत्तरेच्या तुकड्यात नऊ घरटी सापडली! प्रत्येकात चार शेवाळी अंडी. नर डोक्यावर घिरट्या घालत स्वतःचंच नाव ओरडत होता, मीही त्याला ओ दिली. डाउवे सांगतो, पूर्वी इथे दोनशे जोड्या असायच्या, त्यांच्या कलकलाटात माणसाला बोलता यायचं नाही. आता यंत्रं रुतू नयेत म्हणून चरांतलं पाणी खाली उतरवलंय आणि जमीन इतकी टणक झालीय की किडे शोधायला चोचच शिरत नाही.

२९ एप्रिल
गवत मांडीपर्यंत आलंय. पाखरं त्यांच्या जुन्याच तारखेला आली, पण वसंत तीन आठवडे आधीच येऊन बसलाय. पाचांहून जास्त घरटी असली तर सबंध तुकडा पिल्लं उडेपर्यंत न कापता राखायचा, असा पक्षीमंडळाशी करार आहे. वोब्बे हैराण झालाय. तोवर गवत निबर होईल, पुढे उन्हाचा तडाखा सांगितलाय, मग हिवाळ्यात गाईंनी काय माझी टोपी खायची का, म्हणाला. त्याचंही खोटं नाही. पाखरांनी अंडी सोडून दिलेलीच असतील बाई, बघून तर या, असं चारदा म्हणाला.

बघून आले. एकही पक्षी घरट्यावर नव्हता. ‘घरटी नाहीत’ असं मंडळाच्या कागदावर लिहिलं आणि अठरा काठ्या उपटून आणल्या.

३० एप्रिल
कापणी झाली. दुपारभर पाखरांची ती जोडपी यंत्रामागे उडत होती, ओरडत होती. काल मी एका अंड्याला हात लावला होता. ते गरम होतं. हे इथे लिहिते, आणखी कुणाला सांगू?

३ मे
उत्तरेच्या तुकड्यात अठरा काठ्या उभ्या आहेत. जिथल्या तिथे. वोब्बेचीच थट्टा असेल म्हणून त्याला फोन केला, तर म्हणाला, अहो, मला दुसरे उद्योग नाहीत का? मी त्या उपटून चुलीत घातल्या. अंतर मोजलं होतं. चार नव्हे, तीन पावलं.

६ मे
डाउवे पुतणीचा हात धरून आला. शेतात बराच वेळ कान देऊन उभा राहिला. किती घरटी होती, म्हणून विचारलं. मी म्हटलं, एकही नव्हतं. खरं सांग पोरी, मला नऊ जोड्या ऐकू येतायत, म्हणाला. आभाळात एकही पाखरू नव्हतं. मी म्हटलं, काका, तुमच्या कानात वारं शिरलंय. तो रागावला नाही. ज्याने काठी उपटली त्यानेच ती परत लावायची असते, सांगितलंस तर आपण दोघं मिळून लावू, एवढं म्हणाला. मला लाज वाटली. पुतणीला म्हटलं, काकांना घरी ने, ऊन वाढतंय, आणि तो गेला.

९ मे
पाऊस नाही. जमिनीला भेगा. काठ्या आता अंगणात आहेत, टोकं जळलेली. दोन पावलं. मधलं गवत दबलेलं, हात लावला तर उबदार. आणि ओरडणं — आता मलाही ऐकू येतंय.

११ मे
मंडळाला खरं कळवलं. नऊ घरटी होती, अंडी गरम होती, मी खोटं लिहिलं. काठ्या लावायला या, असा डाउवेकडे निरोप पाठवला. अजून आला नाही.
सकाळपासून उत्तरेकडून यंत्राचा आवाज येतोय. तिथे कापायला काही उरलेलं नाही. वोब्बेला फोन केला. त्याचं यंत्र परवापासून दुरुस्तीला गेलंय, पाती काढून ठेवलीयत. मग हे काय —

१२ मे, सकाळ
आता काठ्या घरातही. एकच जोडी, जमिनीच्या फळ्यांमधून वर आलेली. मधे वीतभर जागा. खिडकीतून दिसतंय — वाफ्यातला घेवडा ओळीने आडवा होतोय. मग कुंपण. कापणारं काहीच दिसत नाही. फक्त आवाज. अंगणातल्या काठ्यांपाशी वळसा घालतं, बाकी सगळं —

दुपार
दार गेलं. पलंगाचे पाय गेले. काठ्यांमधे शिरले. जागा मुठीएवढी राहिलीय. गुडघे पोटाशी घेतले, डोकं आत घातलं, एक हात अजून बाहेर — मी मावत —