दगड परत फिरला

प्रिय चंपे,

प्रिय लिहायची माझी सवय नाही, पत्राला लागतं म्हणून लिहिलं. तिसरी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, नाक मुरडू नकोस. काल सकाळी तुझी धाकटी बहीण गौरी हट्टाला पेटली आणि इडलीचं वाटायचा दगड कुणी हात न लावता गरगर फिरला. तुझ्या वेळेसारखाच. म्हणून लिहायला बसले.

तूही तेव्हा सहा वर्षांची होतीस. रागावलीस की तळव्यांतून हादरा निघायचा. मी काय केलं? म्हटलं, बरं झालं, माझे खांदे वाचले, अजून स्वल्प फिरव. आणि पाहुणे आले की कानात सांगायचे, "हात दगडावर दाब, आत जिरव. कुणाला कळलं तर स्थळं येणार नाहीत." सहा वर्षांच्या पोरीला स्थळं! अक्कल माझी.

मोठी झालीस आणि कोरमंगलात पोरींचं पीजी हॉस्टेल खचलं. तू स्लॅबवर हात ठेवलेस, ढिगारा दोन बाजूंना सरकला, पोरी चालत बाहेर आल्या. आपल्या येलहंक्यातल्या ऑटोंच्या पाठीवर तुझा फोटो लागला. भाजीवाला मला कोथिंबीर फुकट द्यायला लागला. खोटं कशाला बोलू, मला आवडलं ते.

मग एचएसआर लेआउटमध्ये लिफ्टच्या खड्ड्यात अडकलेला माणूस काढलास. माणूस वर आला, पण हादरा थांबेना. शेजारची भिंत पडली आणि तिच्या सावलीत फुलं विकणाऱ्या लक्ष्मम्माचा पाय गेला. ऑटोंवरचे फोटो उतरायला एक दिवस पुरला.

तुझ्यावर खटला झाला तेव्हा कोर्टात मी उभी राहिले आणि कन्नडात धडधडीत सांगितलं, "स्वामी, लहानपणापासून बघते, सगळं पोरीच्या ताब्यात असतं."

तू पिंजऱ्यातून मराठीत म्हणालीस, "अज्जी, खोटं बोलू नकोस. लक्ष्मम्मा समोर बसलीय." आणि जजसाहेबांना कन्नडात सांगितलंस, "ताब्यात नाही. वाढत चाललंय. मला माणसांपासून लांब ठेवा."

भर कोर्टात आजीला खोटं पाडलंस. वकील म्हणत होता, सुटली असती. इतकी कसली घाई होती गं तुला?

येलहंक्याच्या पलीकडे, बंद पडलेल्या खाणीतल्या खोलीत ठेवलं तुला. तिसऱ्या आठवड्यात जमीन थरथरायला लागली. पहाऱ्यावरच्या पोलीस बाईला तू म्हणालीस, "अक्का, वस्तीकडे पळा."

"मला हुकूम देतेस काय?"

"हो."

ती रस्त्याला लागली आणि मागे अख्खी खाण खाली बसली. वस्तीतलं एक कौल हललं नाही. सगळं तू दगडात दाबलंस, स्वतःसकट. मी शिकवलं होतं तसंच.

पोलीस बाईने हे सगळं सांगितलं आणि चौकीत जमा केलेल्या तुझ्या चपला आणून दिल्या, त्या धुऊन ठेवल्यात. लोक म्हणतात, देवी झाली. देवी कसली, अंघोळीला तास लावणारी पोर होतीस.

गौरीला मी दाबायला शिकवणार नाही. काल दारात उभी राहून गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं. समोरची म्हणाली, "अम्मा, लपवायचं ना, पोरीची जात आहे."

म्हटलं, "एकदा लपवून बघितलं. सरी, झालं तेवढं, आता पुरे."

संध्याकाळी लक्ष्मम्माकडे गेले, माझ्या खोटेपणाची माफी मागायला. तिने दार लावून घेतलं. बरोबरच आहे तिचं. पुन्हा जाईन, उघडेपर्यंत जाईन.

आणि दर रविवारी गौरीला खाणीजवळच्या मोकळ्या माळावर नेणार आहे. ओरडू दे, पाय आपटू दे, थोडं थोडं बाहेर सोडायला शिकू दे. मला येत नाही ते शिकवायला, पण शेजारी बसता येतं. गुडघे गेलेत, त्यामुळे पळून जायची भीतीही नाही.

तुझ्या चपला काल तिच्या पायात घालून बघितल्या. चार बोटं मोठ्या होतात. त्या तिला नीट बसेपर्यंत मी मरत नाही, हे माझ्याकडून लिहून घे.

तुझी खोटारडी,
अज्जी